इराण न पाहता इराणच्या तेलात

तेल कंपनीचे समभाग घेणाऱ्यापाशी आज ताळेबंद असतो, लाभांशाचा इतिहास असतो, कच्च्या तेलाचे रोजचे दर असतात. विल्यम नॉक्स डार्सीने या धंद्यात पैसा ओतला तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. तेलही नव्हते.

डार्सीचा जन्म १८४९ चा, इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातला. वकील वडिलांचे दिवाळे निघाले आणि कुटुंब १८६६ मध्ये ऑस्ट्रेलियात रॉकहॅम्प्टनला गेले. तेथे तोही वकिली करू लागला. १८८२ मध्ये जवळच्या माउंट मॉर्गन टेकडीत सोने सापडले, त्यात त्याने भागीदारी घेतली. एक पौंडाचा समभाग पुढे १७ पौंडांवर गेला. चाळिशीतच गडगंज होऊन तो लंडनला परतला. शहाण्या माणसाने येथे थांबायला हरकत नव्हती.

२८ मे १९०१ रोजी त्याने इराणच्या शहाकडून तेलाचा ६० वर्षांचा मक्ता मिळवला. मोबदला २० हजार पौंड रोख, तेवढ्याच किमतीचे समभाग आणि वार्षिक नफ्यात १६ टक्के वाटा. रशिया दुखावेल म्हणून उत्तरेचे पाच प्रांत वगळले. डार्सी स्वतः इराणला कधीच गेला नाही. रणरणत्या उन्हात खोदकाम चालवले ते जॉर्ज रेनॉल्ड्स या चिवट अभियंत्याने. जानेवारी १९०४ मध्ये एका विहिरीला तेल लागले आणि काही महिन्यांत आटले. डार्सीची बँकेतली उचल पावणेदोन लाख पौंडांच्या पुढे गेली. माउंट मॉर्गनचे समभाग तारण पडले होतेच. आता बँक मक्ताच तारण मागू लागली. सोन्याने दिलेले तेल गिळत होते.

मक्ता परक्यांच्या हाती जाऊ नये अशी ब्रिटिश नौदलाची इच्छा. त्यामुळे १९०५ मध्ये ग्लासगोची बर्मा ऑइल कंपनी मदतीला आली. ब्रह्मदेशातील तेलविहिरी तिच्या, पण तिच्या घासलेटची मोठी बाजारपेठ हिंदुस्थान. बीड जिल्ह्यातील तलवाड्यासारख्या गावांत वीज येईपर्यंत रात्र सरायची ती चिमणी-कंदिलावरच. इराणच्या वाळवंटातील पुढचे खोदकाम चालले ते अशा दिव्यांच्या कमाईवर, हे इतिहासात सहसा ठळकपणे येत नाही. हीच बर्मा पुढे १९२८ मध्ये शेलबरोबर येऊन येथे बर्मा-शेल झाली आणि १९७६ मधील सरकारी ताब्यानंतर भारत पेट्रोलियम.

इराणमध्ये मात्र तिचाही धीर सुटत चालला होता. ठरावीक खोलीपर्यंत तेल न लागल्यास काम गुंडाळावे, असा हुकूम निघाला. तो अमलात येण्याआधीच, २६ मे १९०८ च्या पहाटे मस्जिद-ए-सुलेमान येथे १,१८० फुटांवर तेलाचे कारंजे उडाले. पुढच्या वर्षी अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी स्थापन झाली. समभागविक्रीच्या दिवशी ग्लासगोच्या बँकेत झुंबड उडाली.

डार्सीला मक्त्याच्या बदल्यात मिळाले बर्माचे सुमारे नऊ लाख पौंडांचे समभाग आणि नव्या कंपनीत संचालकपद. बुडते घर सावरले, सूत्रे मात्र हातची गेली. १९१४ मध्ये चर्चिल यांच्या पुढाकाराने ब्रिटिश सरकारने २२ लाख पौंडांत ५१ टक्के भाग घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तुर्कस्तानशी युद्ध जुंपताच, पुणे डिव्हिजनचे सैनिक इराणी आखाताच्या उत्तर टोकाशी फाओला उतरले. जवळच्या अबादानच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे रक्षण हा त्यामागचा एक हेतू होता. १ मे १९१७ रोजी डार्सी इंग्लंडमध्येच वारला, तेव्हा मेसोपोटेमियातील ती लढाई सुरूच होती.