'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान

निजामी राजवटीचा विषय निघाला की आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेत शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ प्रथम आठवतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच लढ्यात वयाच्या 27 व्या वर्षी प्राण देणारा एक उर्दू पत्रकार होऊन गेला. त्याचे नाव आपल्यापैकी किती घरांत घेतले जाते?

शोएबुल्ला खान यांचा जन्म 17 ऑक्टोबर 1920 रोजी तेलंगणात झाला. उस्मानिया विद्यापीठाची पदवी हाती होती. त्या काळी संस्थानात उर्दू हीच दरबारची, कचेरीची आणि वरच्या शिक्षणाची भाषा. असा तरुण सरकारी नोकरीत सुखाने राहिला असता. शोएब वृत्तपत्रांकडे वळले. ते ज्या साप्ताहिकात लिहीत ते सरकारने बंद केले. मग ते मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रय्यत'मध्ये गेले, तर तेही बंद पडले. तेव्हा घरातले दागिने मोडून त्यांनी 15 नोव्हेंबर 1947 रोजी स्वतःचे दैनिक काढले. नाव ठेवले 'इमरोज', म्हणजे 'आज'.

तो 'आज' किती अस्थिर होता, याची आपण कल्पना करून पाहा. देश स्वतंत्र झालेला, पण हैदराबाद बाहेर. बीडसह मराठवाड्याचे 5 जिल्हे निजामाच्या ताब्यात. नोव्हेंबर 1947 च्या अखेरीस झालेला 'जैसे थे' करार एका वर्षाचा. पुढे काय होणार, हे कोणालाच ठाऊक नाही. लातुरात वकिली केलेले कासिम रझवी रझाकारांचे पुढारी झालेले. अशा वेळी शहाणी माणसे गप्प बसतात आणि वारा कोठून वाहतो ते पाहतात. त्यांना दोष तरी कसा द्यावा? ज्याला मुलेबाळे आहेत त्याला भय असणारच.

शोएब मात्र लिहीत राहिले. संस्थानाने हिंदी संघराज्यात सामील व्हावे, जबाबदार राज्यपद्धती आणावी आणि रझाकारांना आवरावे, हे त्यांचे म्हणणे. हे त्यांनी इंग्रजीत, दूर मुंबईत बसून लिहिले नाही. ज्या समाजाच्या नावाने रझाकार बोलत होते, त्याच समाजाच्या भाषेत, त्याच्याच राजधानीत लिहिले. मला त्यांचे मोठेपण येथे दिसते. परक्याला चार गोष्टी सुनावणे सोपे असते. ज्यांच्याबरोबर आपण नमाजाला उभे राहतो, ईदला गळाभेट घेतो, त्यांना तुम्ही चुकत आहात असे सांगायला निराळी छाती लागते.

ऑगस्ट 1948 मध्ये 7 मान्यवर मुसलमानांनी विलीनीकरणाच्या बाजूने निवेदन काढले. 'इमरोज'ने ते छापले. त्यानंतर विरोधकांचे हात तोडण्याची भाषा जाहीर सभेत झाली. शोएब यांनी लेखणी थांबविली नाही. 21 ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतताना मारेकऱ्यांनी त्यांना गाठले, गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. बरोबर असलेले मेहुणे इस्माईल खान यांच्यावरही वार झाले, ते वाचले. 22 ऑगस्टच्या पहाटे शोएब यांनी प्राण सोडला.

13 सप्टेंबरला हिंदी फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. शोएब यांच्या मृत्यूला तेव्हा अवघे 26 दिवस झाले होते.

त्यानंतर मराठवाड्यातील कित्येक गावांत, रझाकारांशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, अशा गोरगरीब मुसलमानांवर सूड उगविला गेला. चौकशीसाठी नेमलेल्या समितीत पंडित सुंदरलाल यांच्याबरोबर 'पयाम' या उर्दू पत्राचे संपादक काझी अब्दुल गफ्फार होते. त्यांचा अहवाल लोकांना पाहावयास मिळाला तो 2013 साली. रझाकारांचा मार्ग शेवटी कोणाला भोवला, ते त्यात लिहिलेले आहे.