बर्था बेंझ

आज रस्त्यांतून धांवणाऱ्या मोटारींची गर्दी पाहिली म्हणजे एके काळीं या वाहनास गिऱ्हाईकच मिळत नव्हतें हें खरें वाटत नाहीं. लोकांचा तो अविश्वास दूर करण्यास जिचें धैर्य कारण झालें, त्या स्त्रीचें अल्प चरित्र आम्ही वाचकांस सादर करीत आहों.

बर्थाबाईंचा जन्म ता. ३ मे १८४९ रोजीं जर्मनींतील फोर्ट्सहाइम गांवीं एका सुखवस्तु कुटुंबांत झाला. त्यांचे नियोजित पति कार्ल बेंझ हे कुशल यंत्रज्ञ होते. परंतु भागीदारामुळें त्यांचा कारखाना बुडण्याच्या बेतास आला होता. तेव्हां बाईंनीं आपला हुंडा लग्नापूर्वींच वडिलांकडून मागून घेतला व त्या पैशानें भागीदारास मोकळें केलें. इ. स. १८७२ मध्यें विवाह झाला. पुढील कित्येक वर्षें ओढाताणीचीं गेलीं. अखेर ता. २९ जानेवारी १८८६ रोजीं कार्ल यांनीं आपल्या तीनचाकी मोटारीचें पेटंट मिळविण्यासाठीं अर्ज केला. तरीहि ती विकत घेण्यास कोणी पुढें येईना, आणि खुद्द कार्लहि ती दूरच्या रस्त्यावर नेण्यास कचरत.

इ. स. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत एके दिवशीं पहांटे बर्थाबाई पतीस न सांगतां, १५ वर्षांचा ऑयगेन व १३ वर्षांचा रिचर्ड या मुलांसह मोटार घेऊन मानहाइमहून माहेरीं निघाल्या. वाट सुमारें ६५ मैलांची. इंधनासाठीं निराळी टांकी नव्हती. कार्बुरेटरांत मावेल तेवढेंच, म्हणजे सुमारें साडेचार लिटर इंधन. तें म्हणजे कपड्यांवरील डाग काढण्याचें लिग्रॉईन नांवाचें, भराभर उडून जाणारें द्रव्य. तें संपत येतांच बाईंनीं वीसलोख येथील औषधाच्या दुकानांतून तें विकत घेतलें. पुढें त्या दुकानास जगांतील पहिला पेट्रोल-पंप म्हणूं लागले. वाटेंत इंधनाची नळी कचऱ्यानें तुंबली व यंत्र बंद पडलें. बाईंनीं आपल्या टोपीची लांब टांचणी काढून नळी मोकळी केली. ठिणगीच्या तारेवरील वेष्टण झिजलें, तेव्हां मोज्याचा बंद गुंडाळून काम भागविलें. दिवस उन्हाळ्याचे, यंत्र थंड ठेवणारें पाणी वाफ होऊन सारखें उडे, म्हणून वाटेंत ठिकठिकाणीं तें भरून घ्यावें लागे. चढावर मुलांनीं गाडी ढकलली. उतारावर ब्रेक झिजले, तेव्हां चांभाराकडून त्यांस चामडें बसवून घेतलें. सायंकाळीं मंडळी सुखरूप पोहोंचली व कार्ल यांस तार गेली.

वाटेंत आढळलेलीं वैगुण्यें बाईंनीं पतीस सांगितलीं, व चढासाठीं गाडींत आणखी एक गिअर आला. त्याच वर्षीं म्यूनिक येथील प्रदर्शनांत मोटारीस सुवर्णपदक मिळालें.

कार्ल इ. स. १९२९ मध्यें वारले. ज्या कार्ल्सरूह येथील विद्यालयांत ते शिकले, त्यानें बाईंस त्यांच्या ९५ व्या वाढदिवशीं सन्मान्य सदस्यत्व दिलें. नंतर दोनच दिवसांनीं, ता. ५ मे १९४४ रोजीं, लाडेनबुर्ग येथें त्यांचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, कार्यशाळेंत निर्दोष वाटणाऱ्या यंत्राचे दोष रस्त्यावरच कळतात, आणि ते दूर करण्यास मोठीं साधनेंच लागतात असें नाहीं. हाताशीं असलेली टांचणी व शांत चित्त यांवरहि केवढें कार्य होतें, हें या चरित्रावरून आपण शिकावें.