डॉ. लॉरेन्स मायकेल डिलन तथा लोबझांग जीवक

वैद्यकाच्या इतिहासात रुग्ण आणि वैद्य या दोन्ही भूमिका एकाच देहात पेलणारे पुरुष थोडेच झाले. डॉ. लॉरेन्स मायकेल डिलन हे त्यांपैकी एक होत. जन्मतः मुलगी म्हणून ज्यांची नोंद होते, परंतु जे अंतर्यामी पुरुष असतात आणि पुरुष म्हणूनच जीवन व्यतीत करतात, त्यांना आज पारलिंगी पुरुष असे संबोधिले जाते. हा शब्द प्रचारात येण्याच्या कितीतरी आधी डिलन यांनी ते जीवन जगून दाखविले, त्यामागील वैद्यकीय ज्ञान ग्रंथबद्ध केले आणि अखेरीस आपली कहाणी लिहून ठेवून भारतभूमीवर देह ठेवला. ती कहाणी जगापुढे येण्यास मात्र अर्धशतकाहून अधिक काळ लोटला. ती कशी टिकली, हा भाग त्यांच्या जीवनाइतकाच बोधप्रद आहे.

डिलन यांचा जन्म १ मे १९१५ रोजी लंडन येथे झाला. घराणे आयर्लंडमधील लिस्मलनचे. 'बॅरोनेट' ही वंशपरंपरागत पदवी या घराण्याकडे होती. जन्मानंतर थोड्याच दिवसांत जंतुसंसर्गाने मातेचे निधन झाले. पिता व्यसनाधीन होते; तेही १९२५ साली निवर्तले. थोरला बंधू रॉबर्ट आणि हे धाकटे अपत्य यांचा सांभाळ केंट परगण्यातील फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी आत्यांनी केला. घरात शिस्त होती, काटकसर होती, परंतु मोकळेपणा नव्हता. आपल्याला सर्वजण मुलगी का समजतात, हे कोडे त्या बालमनाला पडले होते आणि ते विचारण्याजोगे माणूस घरात नव्हते.

ऑक्सफर्ड विद्यापीठात त्यांनी आधी धर्मशास्त्राचा आणि पुढे ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला. नौकानयनात त्यांनी नैपुण्य मिळविले. विद्यापीठाच्या महिला नौकानयन मंडळाचे अध्यक्षपदही भूषविले. १९३८ साली पदवी मिळाली. तथापि स्त्री म्हणून जगण्याची घुसमट दिवसेंदिवस असह्य होत होती. पुरुषी संप्रेरक टेस्टोस्टेरॉन १९३५ साली प्रथमच प्रयोगशाळेत शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले होते. त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९३९ साली, डिलन हे डॉ. जॉर्ज फॉस यांच्याकडे गेले. अतिरिक्त मासिक स्राव होणाऱ्या स्त्रियांवर फॉस हे या संप्रेरकाचा प्रयोग करीत असत. त्यांनी गोळ्या दिल्या; मात्र आधी मानसोपचारतज्ज्ञाला भेटण्याची अट घातली. त्या तज्ज्ञाने रुग्णाचे गुपित पाळले नाही. गोष्ट षट्कर्णी झाली आणि डिलन यांना नोकरी व गाव सोडून ब्रिस्टल गाठावे लागले.

ब्रिस्टलमध्ये ऑक्सफर्डचा हा पदवीधर मोटारगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात कामाला लागला. बिघडलेल्या गाड्या ओढून आणणे, पेट्रोल भरणे आणि महायुद्धात शहरावर बॉम्ब पडू लागल्यावर रात्रभर आगीवर पहारा ठेवणे, अशी कामे त्यांनी केली. सोबतचे कामगार टवाळी करीत. परंतु औषधाचा परिणाम दिसू लागला होता. आवाज घोगरा झाला, दाढी-मिशा फुटू लागल्या, मासिक स्राव थांबला. काही काळाने नवखी माणसे त्यांना सहजच पुरुष समजू लागली. रक्तातील साखर एकाएकी उतरण्याच्या विकारामुळे ते एकदा कोसळले व रुग्णालयात दाखल झाले. तेथे एका प्लास्टिक शल्यचिकित्सकाशी त्यांची गाठ पडली. त्याने १९४२ साली त्यांच्या छातीवर शस्त्रक्रिया केली, जन्मनोंद बदलून घेण्याचा मार्ग दाखविला आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांचे नाव सुचविले. १९४४ साली सरकारदफ्तरी लॉरेन्स मायकेल डिलन हे नाव लागले.

गिलीज हे पहिल्या महायुद्धात विद्रूप झालेल्या सैनिकांना नवे चेहरे देणारे विख्यात शल्यचिकित्सक. रक्तपुरवठा न तोडता कातडीची पट्टी नळीसारखी गुंडाळावयाची, ती टप्प्याटप्प्याने सरकवीत इच्छित जागी न्यावयाची आणि तेथे रुजली म्हणजे मूळ जागेपासून सोडवावयाची, ही त्यांची पद्धती. डिलन यांच्यावर १९४६ ते १९४९ या काळात बेझिंगस्टोकजवळील रूक्सडाउन हाउस येथे तेरा शस्त्रक्रिया झाल्या. पारलिंगी पुरुषासाठी पुरुषेंद्रियाची रचना करण्याची ही पहिली ज्ञात शस्त्रक्रियामालिका होय. खरे कारण उघड होऊ नये म्हणून गिलीज यांनी कागदोपत्री मूत्रमार्गाच्या जन्मजात दोषाची नोंद केली.

याच काळात डिलन डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात वैद्यकाचे विद्यार्थी होते. महिला महाविद्यालयाच्या पदवीने गुपित फुटले असते. म्हणून एका जुन्या शिक्षकांनी खटपट करून ऑक्सफर्डच्या दप्तरात पुरुषांच्या ब्रेझनोज कॉलेजचे नाव घालून घेतले. सुट्टी लागली की ते शस्त्रक्रियेसाठी इंग्लंडला जात आणि परतून वर्गात बसत. जखमा चिघळून लंगडावे लागले, तर युद्धातील दुखापतीचे निमित्त सांगत. येथेही ते नौका वल्हवू लागले, पण आता पुरुषांच्या संघातून. १९५१ साली ते डॉक्टर झाले.

त्यापूर्वीच, १९४६ साली, त्यांचा 'सेल्फ' हा नीतिशास्त्र व अंतःस्रावी ग्रंथींविषयीचा लहानसा ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. त्यात लेखकाने स्वतःविषयी चकार शब्द काढलेला नाही. परंतु प्रतिपादन निःसंदिग्ध आहे. समलिंगी आकर्षण ही एक गोष्ट आणि आपण दुसऱ्या लिंगाचे आहोत ही अंतरीची जाणीव ही वेगळी गोष्ट, असा भेद त्यांनी स्पष्ट केला. ही जाणीव मानसोपचारांनी पुसली जात नाही. मन देहाप्रमाणे बदलता येत नसेल, तर निदान देह मनाजोगा करून देणे हे वैद्याचे कर्तव्य ठरते. आणि तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावयाचा, असा त्यांचा युक्तिवाद होता. आज हे विचार अनेक देशांतील वैद्यकाने स्वीकारले आहेत. त्या काळी ते उच्चारण्यासही धैर्य लागे. ग्रंथ वाचून युद्धकाळातील वैमानिक व मोटार-शर्यतपटू रॉबर्टा कॉवेल यांनी डिलन यांच्याशी संपर्क साधला. पुढे गिलीज यांच्या हातून शस्त्रक्रिया होऊन कॉवेल स्त्री म्हणून जगू लागल्या. एका पुस्तकाने एका माणसाचा मार्ग मोकळा केला, याचे हे प्रत्यक्ष उदाहरण.

महाराष्ट्रातील वाचकांना येथे रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण होईल. जुलै १९२७ पासून १९५३ साली देहावसान होईपर्यंत कर्वे यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालविले, त्यापायी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. देहाविषयीचे ज्ञान लोकांपर्यंत पोहोचविणे हा त्या पिढीत अपराध मानला जाई, मग ते मुंबई असो वा लंडन.

१९५२ पासून डिलन जहाजावरील डॉक्टर म्हणून जगभर हिंडले. अनोळखी बंदरे आणि बेताचा सहवास हे त्यांच्या सावध स्वभावाला मानवले. स्वभावात दोषही होते. आपल्या वर्गाचा व साम्राज्याचा अहंकार त्यांच्या ठायी होता. स्त्रियांविषयी ते तुसडेपणाने बोलत. कोणी जवळ येऊ नये, यासाठी धारण केलेला तो मुखवटा असे. पुढे घात झाला तो दोन संदर्भग्रंथांनी. 'डेब्रेट' या सरदार घराण्यांच्या नोंदग्रंथात त्यांनी आपली नोंद दुरुस्त करून घेतली होती. त्यामुळे निपुत्रिक बंधूनंतरचे वारस म्हणून त्यांचे नाव तेथे होते. परंतु 'बर्क' या दुसऱ्या ग्रंथात त्याच जागी बहिणीचे नाव तसेच राहिले. १९५८ साली ही विसंगती एका इंग्रजी वृत्तपत्राच्या नजरेस आली. जहाज अमेरिकेतील बाल्टिमोर बंदरात असताना वार्ताहर येऊन थडकले आणि वीस वर्षे जपलेले गुपित चव्हाट्यावर आले. डिलन यांनी ती नोकरी सोडली आणि भारताची वाट धरली.

बौद्ध धर्माकडे त्यांचा ओढा आधीच होता. कलिंपाँग येथे ते इंग्रज भिक्षू संघरक्षित यांच्याकडे राहिले. डॉ. आंबेडकरांच्या अनुयायांत केलेल्या कार्यामुळे हे संघरक्षित महाराष्ट्रातही परिचित आहेत. डिलन यांनी जीवक हे नाव घेतले. तक्षशिलेत विद्या संपादून भगवान बुद्धांची शुश्रूषा करणाऱ्या राजवैद्याचे ते नाव. एका वैद्याने ते निवडावे, यात औचित्य होते. पुढे सारनाथला त्यांना श्रामणेर दीक्षा मिळाली. परंतु विनयपिटकातील नियमांप्रमाणे तृतीय प्रकृतीच्या व्यक्तीला पूर्ण उपसंपदा देता येत नाही. विश्वासाने सांगितलेली पूर्वकथा येथे आड आली आणि भिक्षुपदाची वाट बंद झाली. वैद्यकाने, विद्यापीठाने व सरकारने जे मान्य केले होते, ते धर्मसंघाने अमान्य केले, याचे त्यांना अतोनात दुःख झाले.

तेव्हा ते तिबेटी परंपरेकडे वळले. १९६० साली लडाखमधील रिझोंग मठात त्यांना लोबझांग जीवक या नावाने श्रामणेर म्हणून स्वीकारण्यात आले. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी हा सरदारपुत्र लहान मुलांच्या पंक्तीत बसला, मुदपाकखान्यात राबला, साध्या अन्नावर राहिला. अहंकार गळून पडला; समाधान लाभले. परंतु सीमावर्ती प्रदेशात राहण्याचा सरकारी परवाना अल्प मुदतीचा होता. तो संपताच त्यांना खाली यावे लागले. या वास्तव्यावरील 'इम्जी गेत्सुल', म्हणजे इंग्रज श्रामणेर, हे त्यांचे पुस्तक आणि योगी मिलारेपाचे चरित्र ही दोन्ही १९६२ साली प्रसिद्ध झाली.

कागदावरील ओळख आणि जगण्यातील ओळख यांतील अंतर सिल्वासाच्या रहिवाशांना परके नाही. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, तरी ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात विधिवत समाविष्ट होईपर्यंत वरिष्ठ पंचायतीने कारभार चालविला, आणि भारत-पोर्तुगाल वादाचा निर्णय हेगच्या न्यायालयाने एप्रिल १९६० मध्ये दिला. लोक जे होते ते कागदोपत्री उमटण्यास सात वर्षे लागली. तो लढा सामूहिक होता. डिलन यांचा लढा एकाकी होता.

संपत्ती दान केल्यामुळे डिलन यांची अखेरची वर्षे ओढगस्तीत गेली. अपुऱ्या अन्नाने प्रकृती खालावली. १५ मे १९६२ रोजी डलहौसी येथील रुग्णालयात त्यांचे निधन झाले. वय अवघे सत्तेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी थोडेच दिवस त्यांनी आपले आत्मचरित्र पूर्ण करून लंडनमधील वाङ्मयीन प्रतिनिधीकडे पाठविले होते. आयुष्यभर जे लपविले, ते त्यात त्यांनी स्वहस्ते मांडले होते. बंधूची इच्छा हस्तलिखित नष्ट व्हावे अशी होती. प्रतिनिधी जॉन जॉन्सन यांनी ते मानले नाही. कागद जपून ठेवले. १९८९ साली लिझ हॉजकिन्सन यांनी त्यांच्या आधारे डिलन यांचे चरित्र लिहिले, आणि मूळ आत्मचरित्र २०१६-१७ च्या सुमारास अमेरिकेत फोर्डम विद्यापीठाच्या मुद्रणालयाने प्रकाशित केले.

सर्वच कागदांचे दैव असे बलवत्तर नसते. मॅग्नस हिर्शफेल्ड यांनी १९१९ साली बर्लिनमध्ये लिंगविज्ञानाची संस्था स्थापन केली होती. ६ मे १९३३ रोजी नाझी समर्थकांनी ती लुटली आणि १० मे रोजी तेथील ग्रंथ चौकात जाळले. त्या ज्वाळांत पूर्वसूरींचे अनुभवही गेले आणि सहा वर्षांनंतर डॉक्टरांचे दार ठोठावणाऱ्या डिलन यांना वाट चाचपडतच शोधावी लागली. याउलट सॅन फ्रान्सिस्कोचे लू सलिव्हन (१९५१–१९९१) यांनी पारलिंगी पुरुषांसाठी आरोग्यविषयक माहितीपुस्तिका लिहिली, जॅक बी गारलंड या पूर्वसूरीचे चरित्र सिद्ध केले आणि स्थानिक इतिहास संस्थेच्या स्थापनेत भाग घेतला. त्यांच्या रोजनिश्या त्या संस्थेत आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरविण्याचा अधिकार असल्याचा निर्णय दिला. त्या निर्णयाला बावन्न वर्षे असताना याच देशात डिलन यांनी डोळे मिटले होते. आपल्याकडे तृतीयपंथी समाजाविषयी थोडेफार लिहिले गेले, परंतु पारलिंगी पुरुषांविषयी मराठीत फारच अल्प साहित्य आहे. कोणते औषध घेतल्यावर काय बदलते, त्यातील कोणता बदल पुन्हा मागे फिरत नाही, कोणत्या तपासण्या करीत राहाव्यात, हे ज्ञान अशा माणसाला ऐकीव गप्पांतून नव्हे, तर विश्वसनीय ग्रंथांतून मिळावयास हवे. गावातील एखादा तरुण असा ग्रंथ मागण्यास बिचकत ग्रंथालयात येईल, तेव्हा तो कपाटात असावा आणि मागणाऱ्याचे नाव चर्चेचा विषय होऊ नये. एका तज्ज्ञाने गुपित न पाळल्यामुळे डिलन यांना गाव सोडावे लागले, आणि एका माणसाने कागद जपल्यामुळे त्यांचे जीवन आज वाचावयास मिळते. शंभर वर्षे ग्रंथ सांभाळणाऱ्या कोणत्याही संस्थेला या दोन्ही गोष्टींचे मोल वेगळे सांगावे लागू नये.