निरक्षर राजा मिलोश ओब्रेनोविच

मी तुम्हाला युरोपातल्या सर्बिया देशाच्या एका पुढाऱ्याची माहिती सांगणार आहे. हा माणूस आधी गुराखी होता, मग लढवय्या झाला आणि शेवटी राजा झाला. पण त्याला लिहिता-वाचता काही कधी आले नाही.

मिलोशचा जन्म गोर्न्या दोब्रिन्या या खेड्यात गरिबाघरी झाला. वडील वारल्यावर तो गुरे राखू लागला. आईच्या पहिल्या लग्नाचा मुलगा मिलान गुरांचा व्यापार करी. त्याने मिलोशला हाताशी घेतले. म्हणून मिलोशने त्याचेच ओब्रेनोविच हे आडनाव लावले.

तेव्हा सर्बियावर तुर्कांचे राज्य होते. १८०४ साली काराजोर्जे नावाच्या पुढाऱ्याने बंड उभारले. मिलोश त्यात लढला आणि १८०७ साली जबर जखमी झाला. १८१३ मध्ये तुर्कांनी बंड मोडले. काराजोर्जे ऑस्ट्रियात गेला. मिलोश मात्र आपल्या मुलखातच राहिला.

पुन्हा जुलूम सुरू झाला. तेव्हा एप्रिल १८१५ मध्ये ताकोवो गावी मिलोशने दुसरे बंड पुकारले. डोंगर-जंगलाचा आसरा घेऊन शेतकरी गनिमी काव्याने लढले आणि जिंकलेसुद्धा! पण सुलतानाची फौज अफाट होती. नेमका तेव्हाच नेपोलियन हरला होता, आणि आता रशिया मध्ये पडेल अशी सुलतानाला धास्ती होती. मिलोशने ही वेळ बरोब्बर ओळखली. लढाई थांबवून तो मराश्ली अली पाशाशी बोलणी करायला बसला. करार तोंडीच झाला. सर्ब लोक आपला कर आपणच गोळा करू लागले.

आता वाईट गोष्टही सांगते. १८१७ साली काराजोर्जे गुपचूप परत आला. मिलोशच्या हुकमाने त्याला ठार मारण्यात आले आणि त्याचे मुंडके सुलतानाकडे पाठवले गेले. ज्याच्या झेंड्याखाली लढला, त्याचाच घात केला!

१८३० मध्ये सुलतानाने मिलोशला वंशपरंपरागत मांडलिक राजा मानले. पुढे जहागिरदारी गेली आणि जमीन कसणाऱ्याची झाली. १८३४ मध्ये सर्बियात वर्तमानपत्र निघाले, १८३८ मध्ये क्रागुयेवात्स शहरात उच्च शिक्षणाची शाळा निघाली. स्वतः निरक्षर, पण दुसऱ्यांसाठी शाळा!

मात्र मिलोश कोणाचे ऐकेना. मिठाच्या आणि गुरांच्या व्यापारावर त्याने आपलाच हक्क ठेवला आणि तो गडगंज श्रीमंत झाला. १८३५ मध्ये लोकांनी राज्यघटना मागून घेतली, तीही थोड्याच आठवड्यांत रद्द झाली. शेवटी १८३९ मध्ये त्याला गादी सोडावी लागली. १८५८ मध्ये लोकांनी त्याला परत बोलावले. १८६० साली तो वारला. सर्बिया पूर्ण स्वतंत्र झाला तो १८७८ मध्ये.

मला वाटते, तुर्कांशी कधी लढायचे आणि कधी थांबायचे हे मिलोशला पक्के कळत होते. पण खुर्चीवर बसल्यावर कुठे थांबायचे, हे काही त्याला कळले नाही. म्हणून त्याची हुशारी घ्यावी, हाव घेऊ नये.