पाठीवर मोळी, हातात पुस्तक

पाठीवर सरपणाची मोळी, हातात उघडं पुस्तक आणि पाय घराच्या वाटेवर. जपानच्या जुन्या नीतिपाठांतला हा मुलगा म्हणजे निनोमिया किंजिरो. १९०४ साली सरकारी नीतिपुस्तकं निघाली आणि तो वर्गावर्गांत पोहोचला. कष्ट करावेत, आईबापांना जपावं, वडीलधाऱ्यांचं ऐकावं, एवढंच त्याच्याकडून शिकायचं होतं.

१७८७ साली ओदावाराजवळच्या एका खेड्यात तो जन्मला. लहानपणीच साकावा नदीच्या पुरानं शेत नेलं. पुढे बाप गेला, मग आई. चुलत्यानं आसरा दिला. पण पोरगा रात्री वाचत बसतो, तेल जाळतो, ही कुरकुर होतीच. किंजिरोनं पडीक तुकड्यात मोहरी पेरली आणि स्वतःचं तेल मिळवलं. टाकून दिलेली रोपं लावून पोतंभर भात काढला, हळूहळू घर सावरलं.

पाठ्यपुस्तकाचा भर या पोरवयावरच. खतावण्यांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला खरा निनोमिया भेटतो तो पुढे. कर्जात बुडालेल्या एका सरदारघराण्याचा हिशेब लावताना त्यानं नोकरमाणसांसाठी परस्पर-मदतीचा निधी काढला. कर्ज बिनव्याजी, तारण एकमेकांच्या शब्दाचं. नंतर साकुरामाची भागातली उजाड गावं त्यानं पुन्हा वसवली. १८३३ च्या उन्हाळ्यात वांग्याला शरदातली चव लागली म्हणून त्यानं थंडीचा धोका ओळखला आणि भरडधान्य पेरायला लावलं, अशी कथा सांगतात. दुष्काळात त्याची गावं तगली. १८५६ साली तो वारला.

राज्यकर्त्यांना आज्ञाधारक पोरगा हवा होता, हिशेब मागणारा माणूस नको होता. युद्धकाळात शाळांपुढचे त्याचे ब्राँझचे पुतळेही वितळवले गेले. १९४५ च्या अखेरीस नीतिपाठ बंद झाले. १९४६ साली निनोमिया एक येनच्या नोटेवर आला!

आपल्या माणदेशाला हा माणूस परका वाटू नये. म्हसवडच्या बायकांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज निरक्षरतेपायी नाकारला गेला. त्या अक्षरं शिकल्या, व्याजाचे हिशेब तोंडी करून दाखवायला तयार झाल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. दुष्काळी मुलखात पत म्हणजे दुसऱ्यानं आपल्या शब्दावर टाकलेला विश्वास. नीतीचा धडा शिकवायचाच, तर मोळीबरोबर ही खतावणीही मुलांच्या हाती द्यावी.