आजन्म विद्यार्थी : सरफोजीराजे भोसले

कुंभकोणमहून तंजावरकडे जाताना वाटेत पापनाशम हे गाव लागते. कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातखाचरांचा हा सुपीक मुलूख. येथील पालैवननाथर मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातील विटांचे भव्य धान्यकोठार आजही उभे आहे. नायकांनंतर या मुलखावर छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांच्या घराण्याचा अंमल आला. याच घराण्यातील सरफोजीराजे दुसरे यांच्या हयातीत येथील भाताचा महसूल भोसल्यांच्या हातून गेला. परंतु त्यांनी एक निराळे कोठार भरले, आणि ते आजतागायत रिते झालेले नाही.

सरफोजींचा जन्म १७७७ सालचा. तंजावरचे राजे तुळजाजी यांना वारस नव्हता. १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी त्यांनी भोसले कुळातील या नऊ-दहा वर्षांच्या मुलास दत्तक घेतले आणि श्वार्ट्झ या जर्मन पाद्र्यास त्याच्यावर लक्ष ठेवण्याची विनंती केली. तथापि गादी मिळाली ती तुळजाजींचे सावत्र बंधू अमरसिंग यांना. दत्तकविधान अमान्य ठरले आणि बालक सरफोजींच्या वाट्याला राजवाड्यातच कोंडलेले आयुष्य आले. शिकण्याच्या वयात शिक्षणाची दारे बंद झाली. श्वार्ट्झ यांनी कंपनी सरकारकडे वारंवार दाद मागितली, तेव्हा १७९३ मध्ये सरफोजी व तुळजाजींच्या राण्या यांना सुरक्षिततेसाठी मद्रासला हलविण्यात आले.

त्या वेळी सरफोजींचे वय पंधरा वर्षांचे होते. गादी मिळेल की नाही, याचा निर्णय दूर बसलेले अधिकारी करणार होते. त्यात या मुलाच्या हाती काहीच नव्हते. हाती होता तो केवळ अभ्यास. मद्रासमध्ये गेरिके या पाद्र्यांच्या देखरेखीखाली इंग्रजी भाषेचे व पाश्चात्त्य विद्यांचे शिक्षण सुरू झाले. उशिरा मिळालेली ही संधी सरफोजींनी वाया जाऊ दिली नाही. विद्यार्थिदशेत त्यांनी जो मार्ग धरला, तो पुढे राजपद मिळाल्यावरही सोडला नाही आणि राज्य गेल्यावरही सोडला नाही.

१७९८ मध्ये कंपनी सरकारने दत्तकविधान ग्राह्य मानले आणि सरफोजीराजे गादीवर बसले. हा दिवस पाहण्यास श्वार्ट्झ उरले नव्हते. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत त्यांचे निधन झाले होते. गुरुतुल्य असलेल्या या पुरुषाचे संगमरवरी स्मारक राजांनी पुढे इंग्लंडमधील नामवंत शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. पण राज्याभिषेकाचा आनंद फार काळ टिकला नाही. १७९९ च्या तहान्वये मुलकी व लष्करी कारभार कंपनीकडे गेला. पापनाशमसह कावेरीकाठची सारी समृद्ध गावे गेली. राजांकडे राहिला तो तंजावरचा किल्ला, सभोवतालचा थोडा भाग आणि ठरलेला तनखा. वय अवघे बावीस.

अशा प्रसंगी चैनीत बुडालेले अथवा वैफल्याने खचलेले संस्थानिक इतिहासात पुष्कळ आढळतात. सरफोजीराजांनी मात्र आपला अभ्यास पुढे चालू ठेवला. रामेश्वरच्या वाटेवरील छत्रे, म्हणजे यात्रेकरूंची अन्नछत्रे, आपल्या व्यवस्थेखाली राहावीत, असा आग्रह त्यांनी १८०१ मध्ये रेसिडेंटकडे लेखी धरला. यात्रेकरूंच्या भोजनाबरोबरच तेथे अध्यापन व औषधोपचार यांचीही सोय होती. सत्ता गेल्यावर माणूस कशासाठी भांडतो, यावरून त्याचे ध्येय कळते.

नायक राजांच्या काळापासून चालत आलेला ग्रंथसंग्रह त्यांनी विस्तारला आणि आज सरस्वती महाल म्हणून ओळखले जाणारे ग्रंथालय वैभवास नेले. युरोपातून वैद्यक, शरीरशास्त्र, वनस्पतिशास्त्र, वास्तुकला अशा विषयांवरील हजारो पुस्तके मागविली. त्यांतील अनेक पुस्तकांवर राजांची स्वाक्षरी आढळते. १८२० ते १८२२ या काळात त्यांनी काशीयात्रा केली, तेव्हाही संस्कृत हस्तलिखिते जमविण्याचे व्रत सुटले नाही. धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य वैद्यक शेजारी शेजारी नांदले. नेत्ररुग्णांच्या नोंदी चित्रांसह लिहून ठेवल्या गेल्या.

जे शिकले ते वाटण्याकडेही त्यांचा कल होता. १८०५ मध्ये त्यांनी देवनागरी खिळ्यांचा छापखाना उभारला व त्याला नवविद्याकलानिधी असे नाव दिले. इसापच्या कथांचे मराठी रूपांतर तेथे छापले गेले, तेव्हा मुंबईत शालेय मराठी पुस्तके छापण्याचे कार्य अद्याप सुरू व्हायचे होते. राजांनी स्वतः रचलेले देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाटक तर शिक्षकांनी अवश्य पाहावे असे. कुरवंजी हा तमिळ लोकरंगभूमीचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी स्त्री येते. राजांनी या ओळखीच्या साच्यातून प्रेक्षकांना जगाचा भूगोल शिकविला. मद्रासमध्ये बसून मिळविलेले ज्ञान अशा रीतीने आपल्या भाषेत आणि आपल्या मातीच्या रूपात लोकांपर्यंत पोहोचले.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजीराजे निवर्तले. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांच्या मृत्यूनंतर नावापुरते उरलेले राज्यही संपले. ग्रंथालय मात्र टिकले आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले.

मुलांपुढे ध्येय ठेवताना बहुधा एखादे पद, एखादा क्रमांक, एखादी जागा ठेवली जाते. पद देणारे आणि काढून घेणारे दुसरेच असतात. सरफोजीराजांना गादी दोनदा नाकारली गेली: एकदा बालपणी, अन्यायाने, दुसऱ्यांदा तारुण्यात, तहाच्या कागदावर. पण जाणून घेण्याची आणि जाणलेले इतरांना देण्याची जी दिशा त्यांनी पंधराव्या वर्षी धरली, ती कोणत्याही तहात लिहून देता येण्याजोगी नव्हती. नेमून दिलेल्या यशापेक्षा अशी दिशा मुलांच्या हाती लागावी, हीच पालकांची व शाळेची खरी कमाई होय.