विंचवाची खूण मिरवणारा कारागीर : कार्लो अबार्थ

मोटारीचा शौक दोन प्रकारचा असतो. ज्याची ऐपत असते तो शोरूममध्ये जाऊन वेगवान गाडी विकत घेतो. दुसऱ्या प्रकारच्या शौकिनाची गाडी चारचौघांसारखीच असते, पण तो बॉनेट उघडून स्वतः तिच्या यंत्रात हात घालतो. कार्ब्युरेटर बदलतो, सायलेन्सर नवा बसवतो, पिस्टनला अधिक मोठे सिलिंडर करून देतो आणि त्या साध्या गाडीला अंगाबाहेरचे बळ देतो. विकत घेतलेल्या गाडीपेक्षा अशी घडवलेली गाडी त्याला अधिक जिव्हाळ्याची वाटते. या दुसऱ्या शौकाला ज्यांनी प्रतिष्ठा मिळवून दिली आणि त्याचा रीतसर उद्योग उभा केला, त्यांत कार्लो अबार्थ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. विसाव्या शतकाच्या मध्यावर इटलीतल्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या चिमुकल्या फियाटला त्यांनी शर्यतीच्या मैदानात उतरवले. ते करताना त्यांनी स्वतःच्या आयुष्याचीही अनेकदा मोडतोड आणि पुनर्बांधणी केली.

व्हिएन्नाचा कार्ल

अबार्थ यांचा जन्म १५ नोव्हेंबर १९०८ रोजी व्हिएन्ना येथे झाला. जन्मनाव कार्ल. वडिलांचे मूळ आल्प्सच्या कुशीतल्या मेरानो गावचे. त्या काळी मेरानो ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते इटलीत गेले. एका मुलाचे घर आणि त्याच्या घराण्याचे गाव असे दोन देशांत विभागले गेले. पुढे कार्लचा कार्लो झाला, त्याची मुळे या फाळणीत आहेत.

लहानपणी रस्त्यावर लाकडी चाकांची ढकलगाडी पळवताना थोरली मुले पुढे जातात, हे त्याला खपत नसे. चाकांना चामड्याचा पट्टा गुंडाळून त्याने आपल्या गाडीची पकड वाढवली, अशी आठवण त्याच्याविषयी सांगितली जाते. ती खरी असो वा नंतर रंगवलेली, पुढच्या आयुष्याचे सूत्र तिच्यात नेमके सापडते. हाती आहे त्याच वस्तूला धार लावायची आणि थोरल्यांना गाठायचे, हे ते सूत्र.

किशोरवयातच तो यंत्रशाळेत रुळला. विशीच्या आत-बाहेर असताना मोटरसायकलच्या शर्यतींत उतरला आणि १९२८ साली साल्झबर्गला पहिला विजय मिळवला. अपघातांनंतर त्याने साइडकारच्या शर्यती धरल्या आणि साइडकारची रचनाही स्वतः केली. १९३४ साली त्याने एक विलक्षण पैज लावली. युरोपातली नामांकित रेल्वेगाडी ओरिएंट एक्स्प्रेस हिला साइडकारच्या मोटरसायकलने मागे टाकायचे. पहिला प्रयत्न फसला. परंतु नंतर बेल्जियमच्या ओस्टेंडपासून व्हिएन्नापर्यंतचे सुमारे १३०० किलोमीटरचे अंतर त्याने गाडीच्या आधी कापून दाखवले. वृत्तपत्रांत नाव गाजले.

कीर्तीचा हा काळ दीर्घ नव्हता. १९३० च्या दशकाच्या अखेरीस युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना येथे त्याला भीषण अपघात झाला. दीर्घकाळ रुग्णालयात काढावा लागला आणि मोटरसायकलस्वार म्हणून त्याची कारकीर्द तिथेच संपली. पाठोपाठ दुसरे महायुद्ध सुरू झाले. युद्धाची वर्षे त्याने त्याच परक्या शहरात काढली. शर्यतपटूचे शरीर निकामी झाले होते. हाती उरली होती ती यंत्रातली जाण.

पोर्शे, चिसितालिया आणि मोडलेला डाव

युद्ध संपल्यावर अबार्थ मेरानोला आले. इटालियन नागरिक म्हणून त्यांनी कार्लो हे नाव स्वीकारले. पोर्शे कुटुंबाशी त्यांची ओळख होती. फर्डिनांड पोर्शे त्या वेळी फ्रान्समध्ये अटकेत होते, आणि त्यांचे चिरंजीव फेरी पोर्शे ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड येथे काम मिळवण्याच्या खटपटीत होते. ट्यूरिनचे उद्योगपती पिएरो दुसिओ यांना ग्रांप्री शर्यतीसाठी गाडी हवी होती. अबार्थ आणि अभियंते रुडोल्फ ह्रुस्का यांनी हा दुवा जुळवून दिला. दुसिओ यांची चिसितालिया ही कंपनी आणि पोर्शे यांचे संकल्पन कार्यालय यांच्यात करार झाला. त्यातून मिळालेल्या मोबदल्याचा फर्डिनांड पोर्शे यांच्या १९४७ मधील सुटकेसाठी उपयोग झाला.

ठरलेली गाडी काळाच्या फार पुढची होती. दीड लिटरचे बारा सिलिंडरांचे सुपरचार्ज्ड इंजिन आणि चारही चाकांना शक्ती देण्याची सोय. मात्र या स्वप्नाच्या खर्चाने चिसितालियाच बुडाली. दुसिओ अर्जेंटिनाला निघून गेले. चाळिशी गाठलेले अबार्थ पुन्हा रिकाम्या हाताने उभे होते. कंपनीच्या वाताहतीतून त्यांच्या वाट्याला शर्यतीच्या काही गाड्या आणि सुटे भाग तेवढे आले.

तेवढ्या भांडवलावर ३१ मार्च १९४९ रोजी बोलोन्या येथे अबार्थ अँड कंपनीची नोंदणी झाली. आर्थिक पाठबळ अर्मांदो स्काल्यारिनी यांचे होते. पाश्चात्त्य ज्योतिषानुसार अबार्थ यांची रास वृश्चिक, म्हणून कंपनीच्या बोधचिन्हावर विंचू आला. आकाराने लहान पण डंख जबर, हा अर्थ त्यात आपोआप बसला. १० एप्रिल १९५० रोजी महान शर्यतपटू तात्सिओ नुवोलारी यांनी पालेर्मोजवळच्या माँते पेलेग्रिनो घाटातल्या शर्यतीत अबार्थची गाडी चालवून आपल्या गटात विजय मिळवला. नुवोलारी यांच्या कारकीर्दीतली ती अखेरची शर्यत ठरली.

सायलेन्सरचा धंदा

शर्यतीतले चषक कपाटात शोभतात. कामगारांचे पगार त्यांतून होत नाहीत. याची जाण अबार्थ यांना चिसितालियाच्या पतनाने दिली होती. त्यांनी पोट भरण्यासाठी एक अगदी साधी वस्तू निवडली : सायलेन्सर.

इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू सायलेन्सरमध्ये अडखळला की तो उलटा दाब टाकतो आणि इंजिनाची ताकद वाया जाते. नेहमीच्या सायलेन्सरमध्ये वायूला आडव्या पडद्यांतून वळणे घेत जावे लागे. अबार्थ यांच्या सायलेन्सरमध्ये छिद्रे पाडलेली सरळ नळी आणि तिच्याभोवती काचतंतूचे आवरण असे. आवाज त्या आवरणात मुरे आणि वायूला मात्र वाट मोकळी मिळे. काळ्या रंगाची टाकी आणि टोकाला चकाकणाऱ्या नळ्या हे त्याचे रूप. ताकद थोडी वाढे, आवाज भरदार होई आणि पाहणाऱ्याला लांबूनच गाडीचा मालक शौकीन असल्याचे कळे. उद्योग लवकरच ट्यूरिनला, म्हणजे फियाटच्या दारातच हलला. १९६२ साली कंपनीने अडीच लाखांच्या आसपास सायलेन्सर बनवले आणि त्यांतले बहुसंख्य परदेशी गेले. शर्यतीचा खर्च या काळ्या टाक्यांनी उचलला.

साध्या गाडीचे रूपांतर

१९५५ साली फियाटने ६०० ही गाडी बाजारात आणली. युद्धातून सावरणाऱ्या इटलीतल्या मध्यमवर्गाची ती गाडी. मागच्या बाजूला ६३३ घनसेंटिमीटरचे इंजिन, वेग ताशी ९५ किलोमीटरच्या घरात. अबार्थ यांनी त्या इंजिनाचा व्यास आणि पिस्टनची चाल वाढवून ते ७४७ घनसेंटिमीटरवर नेले, नवा क्रँकशाफ्ट घातला, कार्ब्युरेटर मोठा केला. शक्ती मूळच्या जवळजवळ दुप्पट झाली आणि गाडी ताशी १३० किलोमीटरच्या पुढे धावू लागली. बाहेरून मात्र ती शेजाऱ्याच्या गाडीसारखीच दिसे.

संपूर्ण तयार गाडी घेणे ज्याला परवडत नसे, त्याच्यासाठी रूपांतराचे सुटे साहित्य पेटीत भरून विकले जाई. पेटी घ्यायची, ओळखीच्या मेकॅनिककडे जायचे आणि आपल्याच गाडीचे अबार्थ करून घ्यायचे. आज जगभर पसरलेल्या मॉडिफिकेशनच्या बाजारपेठेचे हे आरंभीचे आणि अत्यंत यशस्वी रूप होय. पुढे याच गाडीची ८५० टीसी आणि १००० टीसी ही रूपे आली. शर्यतीत इंजिन तापू नये म्हणून त्यांचे मागचे झाकण उघडेच ठेवले जाई. कालांतराने ते उघडे झाकणच त्या गाड्यांची ओळख बनले. १९६५ पासून युरोपियन टूरिंग कार स्पर्धेच्या लहान गटात या गाड्यांनी विजेतेपदे पटकावली.

१९५७ साली फियाटने त्याहून छोटी ५०० आणली. ४७९ घनसेंटिमीटर, १३ अश्वशक्ती. आरंभी तिला थंडा प्रतिसाद मिळाला. ही गाडी म्हणजे खेळणे नव्हे, हे सिद्ध करण्याचे काम अबार्थ यांनी अंगावर घेतले. फेब्रुवारी १९५८ मध्ये मोंझाच्या धावपट्टीवर त्यांनी सुधारलेली ५०० सात दिवस आणि सात रात्री चालवून दाखवली. चालक आळीपाळीने बदलत राहिले. १८,१८६ किलोमीटर अंतर, ताशी १०८ किलोमीटरहून अधिक सरासरी आणि सहा आंतरराष्ट्रीय विक्रम. फियाटचे अधिकारी प्रभावित झाले. विजय आणि विक्रम यांमागे अबार्थ यांना ठरावीक रक्कम देण्याची व्यवस्था झाली. १९६३ साली याच ५०० वर आधारलेली २७ अश्वशक्तीची ५९५ आली आणि पाठोपाठ ६९५.

एका कारागिराची परावलंबी श्रीमंती

या यशात एक पेच दडलेला होता. अबार्थ यांची कला दुसऱ्याच्या वस्तूवर उभी होती. फियाटने गाडी काढली तर अबार्थ यांना काम. फियाटने हात आखडला तर भट्टी थंड. त्यांनी पोर्शे ३५६ वर आधारलेली हलकी गाडी १९६० साली घडवली, फ्रान्सच्या सिम्का कंपनीबरोबरही काम केले. तरीही पाय ट्यूरिनमध्येच रुतलेले राहिले. बक्षिसाच्या रकमेवर धंदा चालतो तेव्हा जिंकणे हा छंद राहत नाही, तो हिशेबाचा भाग होतो. आणि जिंकण्यासाठी दरवर्षी अधिक महागड्या गाड्या बांधाव्या लागतात.

स्वतः अबार्थ शिस्तीचे भोक्ते होते. वेशभूषा काटेकोर, अपेक्षा कठोर. ती कठोरता त्यांनी स्वतःलाही लावली. १९६५ साली एका अरुंद एकआसनी गाडीतून विक्रम करण्याचा बेत ठरला. ती त्यांनी स्वतः चालवायची ठरवली. परंतु वाढलेले शरीर आत मावेना. तेव्हा सफरचंदांचा आहार धरून त्यांनी सुमारे ३० किलो वजन उतरवले. २० ऑक्टोबर १९६५ रोजी, सत्तावन्नावा वाढदिवस महिन्याभरावर असताना, त्यांनी मोंझा येथे पाव मैल आणि ५०० मीटर अंतराचे प्रवेगाचे विक्रम केले. कंपनीच्या खाती शंभरावा विक्रम जमा झाला. ल्युब्लियानाच्या रुग्णालयात ज्याची कारकीर्द संपली असे मानले गेले होते, त्याने सुमारे पाव शतकानंतर मोजयंत्राला पुन्हा साक्षीला बोलावले.

साठचे दशक संपताना मात्र जमाखर्च जुळेना. शर्यतीच्या स्वतंत्र गाड्यांवरचा खर्च पेलवेनासा झाला. १९७१ साली अबार्थ यांनी कंपनी फियाटला विकली. शर्यतीचा विभाग एन्झो ओसेल्ला यांच्याकडे गेला. आयुष्यभर ज्या कंपनीच्या गाड्यांना आपली खूण लावली, तिलाच ती खूण विकण्याची वेळ आली. त्यानंतर ते व्हिएन्नाला परतले. २४ ऑक्टोबर १९७९ रोजी, एकाहत्तरावा वाढदिवस तीन आठवड्यांवर असताना, जन्मगावीच त्यांचे निधन झाले. त्या सुमारास फियाट १३१ अबार्थ जागतिक रॅली स्पर्धा गाजवत होती. १९७७, १९७८ आणि १९८० अशी तीन वर्षे फियाटने उत्पादकांचे विजेतेपद मिळवले. दहा हजारांहून अधिक विजय अबार्थच्या नावे असल्याचे कंपनी सांगते.

रांजणगावपर्यंत आलेला विंचू

२००७ साली फियाटने अबार्थ हे नाव स्वतंत्रपणे पुन्हा बाजारात आणले. २०१५ मध्ये ते भारतातही आले. ५९५ काँपेतित्सिओने आयात झाली, तर १४५ अश्वशक्तीची पुंतो अबार्थ पुणे जिल्ह्यातल्या रांजणगावच्या कारखान्यात तयार होऊ लागली. विक्री बेताचीच राहिली आणि पुढे फियाटच्या गाड्यांचे भारतातले उत्पादनच थांबले. मात्र जिला ती मिळाली त्या शौकीन मंडळींनी ती जपली. ज्या मुंबईच्या कुर्ल्यात प्रीमियर कंपनीची फियाट ११०० वर आधारलेली पद्मिनी दशकानुदशके बनली, तिथल्या वाचकाला घरच्या फियाटची माया वेगळी सांगायला नको.

आज शौकाची परिस्थिती बदलली आहे. उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येणार नाहीत, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. कर्कश सायलेन्सर पोलिसांनी रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रे आपल्या शहरांतूनही येतात. गल्लीतला हा उच्छाद आणि अबार्थ यांचे काम यांची गल्लत होऊ नये. आवाज वाढवणे सोपे असते, त्याला फक्त कापणी पुरते. अबार्थ यांनी नळी मोकळी केली ती वायूची वाट मोजून, इंजिन वाढवले ते क्रँकशाफ्ट नव्याने घडवून, आणि केलेले काम सात रात्री सलग पळवून जगासमोर तपासून घेतले. त्यांच्या हातून गेलेल्या छोट्या गाड्या युरोपात आजही जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत, मागचे झाकण उघडे टाकून, मोठ्या गाड्यांच्या रांगेत उभ्या असतात.